मावशी, फिल्टर दोरीवर वाळत घालू नकोस

इचलकरंजी,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

ती. मावशीस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी एस.टी.त होते, निम्मं ऐकू आलं, निम्मं नाही. पण एवढं कळलं, की ट्रंकेतले २०२० चे मास्क तू बाहेर काढलेस, तंबाखूच्या खकाण्याने खोकला येतोय म्हणून विड्या वळताना ते बांधणार आहेस, आणि "आतली ती पांढरी पानंपण साबणाच्या पावडरीत घोळून दोरीवर टाकलीत की." मास्क बांधायचं ठरवलंस ते फार चांगलं केलंस. पण ती पांढरी पानं दोरीवरून काढ आणि टाकून दे. ती धुवायची नसतात.

हे पत्र मी छापायलाही देतेय. तुझं नाव घालत नाही, काळजी करू नकोस. सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या बोळात तू राहतेस तिथं सुपात तंबाखू घेऊन बसणाऱ्या किती बायका आहेत ते मला माहीत आहे, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी कोरोनातल्या मास्कची एखादी पिशवी अजून खुंटीला असणार. शिवाय तुला एकटीला लिहिलं तर तू पत्र उशीखाली ठेवशील आणि करायचं तेच करशील.

तर ती पानं. कापडासारखी दिसतात, म्हणून धुवावीशी वाटतात. पण त्यांत ताणा नाही आणि बाणाही नाही. पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक वितळवून, गरम हवेच्या जोरदार झोताने त्याचे तंतू उडवून एकावर एक निजवतात, त्याचं ते पान होतं. आमच्याकडे त्याला मेल्टब्लोन म्हणतात. त्याचा तंतू एक ते पाच मायक्रॉन जाडीचा असतो. कापसाचा बारा ते वीस मायक्रॉन भरतो, म्हणजे कितीतरी जाड. पण नुसत्या बारीकपणावर ते पान चालत नाही. बनवतानाच त्या तंतूंना विजेचा भार दिलेला असतो, आणि तो तिथं टिकून राहतो. थंडीत पॉलिस्टरची साडी पायाला चिकटते आणि सोडताना चटचट वाजते, तसलाच हा प्रकार, फक्त मुद्दाम भरलेला आणि मुरवलेला.

त्या भाराचं काम काय? धुळीचे मोठे कण वाकडीतिकडी वाट घेऊ शकत नाहीत, सरळ जाऊन तंतूवर आदळतात. अगदी सूक्ष्म कण हवेत इकडेतिकडे भरकटत असतात, तेही कुठे ना कुठे आपटतात. निसटतात ते मधले, मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचे. ना ते सरळ आदळत, ना पुरेसे भरकटत. त्यांना तंतूकडे ओढून घेतो तो हा भार. साबणाच्या पाण्याने तो उतरतो, सॅनिटायझरच्या अल्कोहोलने तर आणखी लवकर. पान मात्र जसंच्या तसं पांढरं दिसतं. फाटत नाही, विरत नाही, उलट स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. कापड जुनं झालं की आपल्याला सांगतं. हे पान काहीच सांगत नाही, आणि माझा राग आहे तो त्याच्या याच गुणावर.

आता तू म्हणशील, धुतलं की सगळंच जातं काय? नाही, सगळं जात नाही, हे मला सांगायलाच हवं. बांगलादेशात सहाशे खेड्यांत मास्कचा एक मोठा प्रयोग झाला होता. त्यात त्यांनी दवाखान्यातले निळे सर्जिकल मास्क साबणाच्या वडीने दहा वेळा धुऊन तपासले. धुण्याआधी ते सुमारे ९५ टक्के कण अडवत होते, दहा धुण्यांनंतर ७६ टक्के. त्यांचा कापडी मास्क न धुताच ३७ टक्क्यांवर होता. म्हणजे अडीअडचणीला धुतलेला सर्जिकल मास्क अगदीच टाकाऊ नसतो. पण तो चांगल्या दर्जाचा, आधी मोजून घेतलेला माल होता. तुझी पानं बाजारातून डझनाने आलेली, मुळात किती अडवत होती तेच कुणी पाहिलेलं नाही, त्यातून इतकी वर्षं पत्र्याखालच्या ट्रंकेत सोलापूरचा उन्हाळा सोसलेली. त्यांचं घटून काय उरलं असेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ती टाकणं स्वस्त.

टाकतानाही बंबात घालू नकोस. पाणी तापवायला कागद-कचरा घालायची तुझी सवय मला माहीत आहे, पण हे प्लास्टिक आहे, जाळून त्याचा धूर छातीत घ्यायचा आणि मग मास्क बांधायचा यात काही अर्थ नाही. कोरोनात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं सांगितलं होतं, की घरातले वापरलेले मास्क कापून, कागदी पिशवीत बहात्तर तास ठेवून मग सुक्या कचऱ्यात द्यावेत. बहात्तर तासांचं कारण विषाणू होतं, ते आता सोड. कापायचं मात्र सोडू नकोस, नाहीतर कुणीतरी उचलून पुन्हा वापरतं.

त्या पानांत एक काळा थर असलेलीही असतील. तो कोळशाचा. वास शोषतो, धूळ अडवायला त्याचा उपयोग नाही. तंबाखूचा वास कमी आला म्हणजे तंबाखू कमी गेली असं नाही, एवढं लक्षात ठेव.

आणि तिसरा प्रकार, ज्यावरून तुझा घोटाळा होणार हे मला दिसतंय. २०२० मध्ये तू जे मास्क शिवलेस त्यांतल्या काहींच्या पोटात साडीच्या दुकानातल्या पिशवीसारखं कापड शिवून टाकलेलं आहे, तेच, ज्याच्या पिशव्यांवर २०१८ च्या प्लास्टिकबंदीत महाराष्ट्रात बंदी आली. तेही पॉलिप्रॉपिलीनच, पण जाड तंतूचं, स्पनबॉन्ड. ते पाण्याला घाबरत नाही. शिवलेलं असेल तर काढू नकोस, मास्कबरोबर धू. मात्र इस्त्री कडक फिरवू नकोस. हे प्लास्टिक एकशे साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि सुती कापडाची इस्त्री दोनशेपर्यंत जाते. थर वितळून चिकटला की श्वास बाजूच्या फटींतून जायला लागतो आणि मास्क नुसता शोभेचा उरतो.

त्या मास्कांबद्दल मात्र मला तुझं कौतुक आहे, तेव्हा बोलायचं राहून गेलं होतं. त्या उन्हाळ्यात शाळा उघडल्याच नाहीत. वर्षभराचा गणवेशाचा हंगाम बसला, सोलापुरात ताग्यांनी कापड पडून राहिलं, शिलाईच्या बायका घरी बसल्या. मग त्याच कापडाचे मास्क शिवायला घेतले गेले, आणि तू बाहेरून शर्टपँटचं पॉलिस्टर-व्हिस्कोस, आतून परकराची सुती पॉपलीन, मध्ये ते पिशवीचं कापड असे तीन थर लावलेस. कुणी शिकवलं होतं? त्याच वर्षीच्या जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं कापडी मास्कचं जे मार्गदर्शन काढलं त्यात जवळपास हीच रचना होती: आत ओल शोषणारा सुती थर, बाहेर पाणी न धरणारा कृत्रिम धाग्याचा, मध्ये न विणलेल्या कापडाचा. तू तुझ्या अक्कलहुशारीनं तिथं पोचली होतीस. टॉवेलच्या कापडाचे मास्क शिवा असं कुणीतरी म्हणालं होतं, आपलं सोलापूर टॉवेलचं गाव म्हणून, तेव्हा तू "त्यातनं उजेड दिसतोय की" म्हणून परत पाठवलंस, तेही बरोबर. उजेडासमोर धरून पाहणं ही घरातली सगळ्यात चांगली तपासणी.

धुण्याबद्दल मी तुला काय शिकवणार? जिनं सोलापुरी चादरी पन्नास पाण्यांतून काढल्या तिला! पण एक गोष्ट ऐक, तुला आवडेल. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात सुती कापड एक-दोनदा नाही, बावन्न वेळा धुऊन-वाळवून तपासलं, म्हणजे आठवड्याला एकदा धरलं तर वर्षभर. कण अडवण्याच्या ताकदीत काही फरक पडला नाही. तंतू थोडे उसवतात, पिंजतात, श्वासाला किंचित जड जातं, पण कापूस आपलं काम सोडत नाही. तिथल्याच एका सरकारी प्रयोगशाळेनं तर दाखवलं की श्वासाच्या दमटपणानं सुती कापड कोरड्यापेक्षा जास्त कण अडवतं, कारण कापूस ओल पितो, तंतू फुगतात, आणि कणही ओल धरून जड होतात. पॉलिस्टरला हे जमत नाही. अर्थात दमट म्हणजे श्वासाइतका दमट. चिंब भिजलेल्या मास्कातून श्वासच घेता येत नाही, तो लगेच बदलायचा.

मग कापडी मास्क कशानं मरतो? इलॅस्टिकनं. ट्रंकेतले तुझे मास्क काढून कानाच्या दोऱ्या ओढून बघ, निम्म्या तरी सैल झालेल्या असतील, काही चिकट. उकळल्यानं, उन्हानं, ब्लीचिंग पावडरनं आणि नुसतं पडून राहिल्यानंही रबर जातं. दोरी सैल झाली की गालाशी फट पडते आणि हवा तिथूनच जाते, कारण हवेला सोपी वाट लागते. आतला थर कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य. म्हणून माझं ऐक, इलॅस्टिक उसव आणि सुती नाड्या लाव. दोन वर डोक्यामागे, दोन खाली मानेमागे. दिसायला झबल्यासारखं दिसेल, पण घट्ट बसतं, तुझ्या अंबाड्याच्या वरखाली छान बांधता येतं, आणि उकळलं तरी काही होत नाही. १९६० च्या दशकात टाकाऊ मास्क येईपर्यंत जगभरच्या शस्त्रक्रियेच्या खोल्यांत नाड्यांचे कापडी मास्कच असायचे, धुऊन, वाफवून पुन्हा वापरले जायचे.

त्याहून मागं जायचं तर १९१० च्या हिवाळ्यात. मंचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला तेव्हा वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरनं सांगितलं की हा रोग श्वासातून पसरतोय, आणि गॉजच्या पट्टीत कापूस घालून डोक्यामागे बांधायचा मास्क करवून घेतला. एक अनुभवी फ्रेंच डॉक्टर, मेस्नी, यानं त्याचं मानलं नाही, तो मास्क न बांधता रोग्यांत गेला आणि काही दिवसांत त्याच प्लेगनं मेला.  

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. २०२० मध्ये तू मास्क कुकरमध्ये उकळायचीस. ते बरोबरच होतं. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मार्च २०२० मध्ये घरगुती मास्कची जी पुस्तिका काढली होती, तिच्यात तसंच होतं: साबण आणि कोमट पाण्यानं धुऊन निदान पाच तास कडक उन्हात वाळवा; किंवा कुकरमध्ये दहा मिनिटं शिजवा, पाण्यात मीठ घातलं तर चांगलं; कुकर नसेल तर पंधरा मिनिटं उकळा; नाहीतर धुऊन पाच मिनिटांपर्यंत इस्त्री फिरवा. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन त्या पुस्तिकेला पुरून उरणारं होतं. पण तेव्हा आपल्याला विषाणू मारायचा होता. मारला की संपलं, मेलेला विषाणू कापडात राहिला तरी चालतं.

तंबाखू मरत नाही. ती काढावी लागते. उकळून तिचं काहीही बिघडत नाही, उलट तिचा काढा होतो आणि तोच कापडात मुरतो. आणि मावशी, तो कुकर! ज्यात रात्री नातवंडांचा भात लागतो त्यात तंबाखूने भरलेले मास्क कृपा करून घालू नकोस. निकोटीन पाण्यात सहज विरघळतं आणि कातडीतूनही अंगात जातं. मास्कासाठी एक जुनं पातेलं वेगळं काढ, कानाला चिंधी बांधून ठेव म्हणजे सून चुकून त्यात दूध तापवायची नाही.

धुवायचं असं. दारात जाऊन, मास्क सुलटा धरून आधी झटक, पाठीवर वारा घेऊन. मग त्या पातेल्यात गार पाण्यात अर्धा तास भिजत टाक. पाणी पिवळट होईल. ते ओतून दुसरं घे. पाणी पिवळं यायचं थांबलं की मग साबण, आधी नाही. मला माहीत आहे, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात बसून तुला पाणी बदल म्हणून सांगणं सोपं आहे. मी इथं नळाखाली हात धरून लिहितेय. म्हणून रोज एक-एक धुऊ नकोस. रोजचा वापरलेला मास्क झटकून वेगळ्या कागदी पिशवीत ठेव आणि चार-पाच एकदम भिजव. पहिलं पिवळं पाणी मोरीत ओत, तुळशीला नाही. शेवटचं खळबळलेलं पाणी मात्र फरशी पुसायला चालतं.

बोअरचं पाणी वापरत असशील तर साबणाची वडी लावू नकोस. जड पाण्यात वडीचा साबण फुटतो, त्याचा पांढरा चिकट साका कापडात अडकतो आणि मास्क पापडासारखा कडक होतो. पावडर घे, थोडीच घे, आणि खळबळून काढायला हात आखडू नकोस. साबण राहिला तर तो दिवसभर नाकाशी असतो. खोकला मग तंबाखूचा की साबणाचा हे डॉक्टरलाही कळायचं नाही. वासाची निळी-गुलाबी द्रव्यं, ब्लीचिंग, सॅनिटायझरचा फवारा, काहीही नको.

वाळत घालताना जागा बघ. तुझी दोरी ज्या बाजूला आहे तिथं शेजारच्या मागांचा कापूस उडतो, आणि खाली तुझीच विडीची पानं भिजवून ठेवलेली असतात. ओला मास्क तिथं टांगला की तो धूळ गोळा करायला बसतो. गच्चीवर टाक, उन्हात, नाड्यांनी टांगून. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नकोस आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, कुबट वास येतो तो बुरशीचा. कापडी पिशवी शिवून घे, धुतलेल्यांसाठी वेगळ्या रंगाची.

आणि हात. याच्यावर मी जास्तच बोलणार आहे, कारण इथं सगळे चुकतात. व्हिएतनाममध्ये हनोईच्या चौदा रुग्णालयांत २०११ मध्ये सोळाशेच्या वर कर्मचाऱ्यांवर मास्कचा प्रयोग झाला. कापडी मास्कवाल्यांना जास्त संसर्ग झाला, आणि त्यावरून कापडी मास्क वाईट असा बोभाटा झाला. २०२० मध्ये त्याच संशोधकांनी जुनी माहिती पुन्हा उघडून पाहिली. ज्यांचे मास्क रुग्णालयाच्या धुलाईखान्यात जात होते त्यांना सर्जिकल मास्कवाल्यांइतकंच संरक्षण मिळालेलं होतं. ज्या बिचाऱ्या स्वतःच हातानं धूत होत्या त्यांचा धोका सुमारे दुप्पट. कापड तेच, मास्क तोच. फरक धुण्यातला. दिवसभराची पाळी करून घरी आलेली बाई नळाखाली धरून पिळून टाकणार, दुसरं काय करणार? मला त्यातल्या बायकांचा दोष दिसत नाही. ज्यानं मास्क दिला त्यानंच धुऊनही द्यायला हवा होता, असं मला वाटतं, आणि हे मी तुझ्या कारखान्याबद्दलही म्हणेन.

ते रुग्णालय होतं, तुझी ओसरी आहे. पण तुझ्या बोटांना तंबाखू असते, हे तिथल्यापेक्षा वाईट. विडी वळता वळता नाक खाजलं की तू मास्क बोटानं खाली ओढणार, मग वर करणार; त्या एका ओढण्यात सुपातली तंबाखू मास्कच्या आतल्या बाजूला, थेट ओठांवर. त्यापेक्षा मास्क नसलेला बरा. म्हणून बसण्याआधी बांधायचा, हात धुऊन सोडायचा, मध्ये बोट लावायचं नाही. चहाला सोडलास तर आतली बाजू आत दुमडून कागदात ठेव, सुपाच्या काठावर नाही. हनुवटीखाली तर नकोच, गळ्यावरची धूळ तोंडाशी येते. पोरांच्या शाळेच्या कपड्यांत मास्क भिजवू नकोस.

इतकं सगळं केल्यावर काय मिळेल? खरं सांगायचं तर बेताचंच. सुपात तंबाखू ओतताना, चाळताना जो जाड खकाणा उडतो तो बराचसा अडेल. बारीक धूळ गाठायला कापड अपुरं आहे. त्याला एफएफपी-२ किंवा एन-९५ लागतो, त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ९४७३ हा आकडा बघून घ्यायचा, झडप नसली तरी चालेल. तो धुवायचा नाहीच. कोरोनात डॉक्टर पाच मास्क पाच कागदी पिशव्यांत ठेवून पाळीपाळीनं वापरायचे, म्हणजे प्रत्येकाची पाळी पाच दिवसांनी यायची. पण त्या मास्काला तुझ्या तंबाखूची सवय नाही. दोन-चार दिवसांत तपकिरी पडेल, श्वास जड होईल, मग टाकायचाच. म्हणून तंबाखू ओतायच्या-चाळायच्या वेळी तो, आणि बाकी वळताना कापडी, असं केलंस तर परवडेल. चाळायचं काम आत नको, बाहेर, पाठीवर वारा घेऊन.

आजोबांचं तुला आठवतंय ना? गिरणीत कार्डखात्यात होते, नाकाला पंचा बांधायचे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळायची, आठवडा सरता सरता बरं वाटायचं, आणि आजी म्हणायची, "सोमवारचा आळस." तो आळस नव्हता. कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस असाच सुरू होतो, कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातल्या कामाच्या रोगांच्या यादीत तो होता, पण कुणी सांगितलंच नाही तर मागणार कोण? तुझी धूळ वेगळी आहे, तरी तूही एक बघ: सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो का, कामाला बसलीस की वाढतो का. वहीत लिहून ठेव. तुझं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे, ते घेऊन दवाखान्यात जा आणि "मी किती वर्षं विड्या वळतेय" हे डॉक्टरनं न विचारताच सांग. फुंकून बघायची तपासणी असते, ती करायला लाव. मास्क बांधला म्हणून हे टाळायचं नाही.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं कारखान्याची जागा स्वच्छ हवी, हवा खेळती हवी असं म्हटलं. मग काम सगळं घरात आलं, आणि कायदा दाराबाहेर राहिला. आता ओसरीतली हवा खेळती ठेवायची ती तूच, खिडकी उघडून. खोलीच्या कोपऱ्यात बसतेस तिथून उठून दाराशी बस. मास्कपेक्षा याचा उपयोग जास्त होईल असा माझा होरा आहे. युनियनच्या बायकांना विचार, मास्क नाही तर निदान साबणाचा खर्च कारखान्याकडून मागता येतो का. हसतील, पण विचार.

गड्ड्याच्या जत्रेला मी येतेच आहे. येताना सुती नाडीचं एक रीळ, नाकावर बसवायच्या पट्ट्या आणि आयएसआयवाले दहा मास्क आणते. तोवर नाकाच्या हाडापासून हनुवटीखालपर्यंतचं माप सुतळीनं घेऊन ठेव, तुझं आणि शेजारच्या दोघींचं. जत्रेत होम मैदानावर धूळ असतेच, तर तिथंही बांध, पण तो वेगळा मास्क, तंबाखूचा नाही.

आणि दोरीवरची पानं अजून काढली नसशील तर आधी ती काढ, मग चहा ठेव.

तुझी भाची